संथ पट्टा

"पट्टा टाक आणि मोकळा हो," मॅडम म्हणाल्या.

"टाकतो. पण तिथे गाड्या हळू का होतात ते आधी कळू दे."

"होतात म्हणून होतात. कुणीतरी मोजलंय ना? मग झालं तर."

"मोजलंय," तो म्हणाला. "तेच तर."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हा माणूस एकदा 'तेच तर' म्हणाला की आपली अर्धी सकाळ गेली, हे त्या अनुभवाने ओळखून होत्या. ऑफिसात सगळे त्याला डिटेक्टर म्हणत. वाहतुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये रस्त्यावर ठिकठिकाणी डिटेक्टर नावाच्या रेघा आखाव्या लागतात. त्यांच्यावरून गाडी गेली की तिचा वेग टिपला जातो. हा गृहस्थही तसाच होता. कुणी त्याच्यासमोरून रोजच्यापेक्षा जरा वेगळं चालत गेलं तरी याच्या मनात नोंद. चहात साखर कमी पडली की चहावाल्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांवर वहीम. घराला कुलूप लावून तो ओढून बघे, जिना उतरे, आणि परत वर येऊन पुन्हा ओढून बघे.

काम तसं साधं होतं. शहराच्या कडेला एक रुंद, सरळ रस्ता. एका बाजूला बसथांबा, दुसऱ्या बाजूला खोकी बनवणारा कारखाना. कारखान्यात बहुतेक बायकाच. सकाळी बसमधून उतरायचं आणि जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचा, संध्याकाळी तसंच परत. त्यांनी कारखान्यासमोर सिग्नल मागितला होता. रस्तेखातं म्हणालं, अभ्यास करून बघू. तो अभ्यास या ऑफिसकडे आला होता. खात्याचा नियम असा, की त्या जागी गाड्या मुळातच हळू जात असतील तर सिग्नलवर खर्च करायचं कारण नाही.

डिटेक्टरने तो रस्ता पडद्यावर जसाच्या तसा उभा केला होता. त्यावर इवल्या इवल्या चौकोनी गाड्या धावत. प्रत्येक गाडीला सॉफ्टवेअर तिच्या इच्छेचा वेग देतं. म्हणजे पुढे कुणी नसेल, रस्ता मोकळा असेल, तर हा ड्रायव्हर किती जोरात जाईल, तो वेग. तो मनाने ठरवायचा नसतो. माणसाने रस्त्याच्या कडेला स्पीडगन घेऊन बसायचं, पुढे कुणी नसलेली गाडी हेरायची आणि तिचा वेग मोजायचा. असं तीन ठिकाणी तीन माणसांनी मोजलं होतं. कारखान्याच्या अलीकडे लोक साठने जात होते, पलीकडेही साठने. मधे कारखान्यासमोर मात्र तीस. तेसुद्धा कारखान्याच्या बाजूनेच. बसथांब्याच्या बाजूने जाणारे तिथेही साठनेच. पडद्यावरच्या गाड्यांना हे काही केल्या पटत नव्हतं, त्या दोन्ही बाजूंनी साठनेच पळत होत्या.

त्यावर मॅडमचा उपाय म्हणजे संथ पट्टा. रस्त्यावर एक रंगीत पट्टी ओढायची. गाडी जवळ आली की आपोआप हळू होते, पट्टी संपली की पुन्हा आपल्या इच्छेने पळते. वळण असेल, गतिरोधक असेल, मोठा खड्डा असेल, तर असा पट्टा टाकतात.

"तिथे वळण नाही, गतिरोधक नाही, साधा खड्डासुद्धा नाही," डिटेक्टर म्हणाला. "रविवारी आपलीच गाडी तिथून नेली होती. कुठेही ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा लागला नाही. मग या आकड्यांमधले ड्रायव्हर काय रस्त्याला मुजरा करायला थांबतात?"

"मोजलं कुणी ते तरी बघ."

त्याने मोजणीचा कागद पालथा केला. कारखान्यासमोर मोजणारे गृहस्थ त्याचे सासरे होते. हयातभर बस चालवून निवृत्त झाल्यावर ते खोलीत बसून इतके कंटाळले होते, की खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरचं चुकलं कुठे ते भिंतीला सांगत. बायकोच्या आग्रहावरून डिटेक्टरनेच मॅडमकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला होता.

"सासऱ्यांवर संशय?" मॅडमना हसू आवरेना.

"मी कुणावर संशय घेतलेला नाही. एक बाजू नीट मोजली आणि दुसरी घरी बसून लिहिली, असं होऊ शकतं एवढंच म्हणतोय."

मॅडमचं हसू गेलं. "हे बघ, शुक्रवारपर्यंत सांग. आकडे खरे असतील तर पट्टा टाक, सिग्नल गेला. खोटे असतील तर तसं लिहून दे, मग त्या माणसाला या ऑफिसची पायरी बंद. कुणाचा का सासरा असेना."

संध्याकाळी सासरे जेवायला होते. आठवड्यातून एकदा ते मुलीकडे येत, दोन गल्ल्या ओलांडून, इस्त्रीचा शर्ट घालून. डिटेक्टरने त्यांना मुद्दाम आपल्या शेजारची खुर्ची दिली. चौकशी शेजारून केलेली बरी, माणूस बेसावध राहतो.

"कारखान्यासमोर कसं काय चाललंय, बाबा?"

सासरे ताटात बघत जेवत राहिले. समोरून बायकोने टेबलावर दोन बोटं आपटली आणि नवऱ्याकडे हनुवटीने दाखवलं. सासऱ्यांनी वर पाहिलं.

"अं? हो हो, छान आहे. मीठ अगदी बरोबर."

"रस्त्याचं विचारतायत," बायको शब्द तोडून तोडून म्हणाली.

"रस्ता? फार सभ्य रस्ता आहे, जावईबापू. एवढी वर्षं बस चालवली, पण असे ड्रायव्हर बघितले नाहीत. काय शिस्त! लांबूनच वेग कमी करतात. मी तर म्हणतो, लोक सुधारले."

लोक सुधारले! डिटेक्टरच्या मनात लाल दिवा लागला. आयुष्यभर दुसऱ्या ड्रायव्हरबद्दल एक चांगला शब्द न काढलेला माणूस आज अचानक लोकांना प्रशस्तिपत्र देतो, याचा अर्थ काय? आणि ही बोटं कसली आपटते? बाप-लेकीत काहीतरी शिजत होतं. गेले काही महिने ही बापाला फोन करतच नव्हती, नुसते मेसेज. पूर्वी तासभर मोठ्याने गप्पा चालत, आता अंगठ्याने खुटखुट. तो खोलीत आला की फोन पालथा. शिवाय त्याने मघाशी एक विनोद सांगितला तर सासरे हसले, पण सगळे हसून झाल्यावर. मनात दुसरंच काही असलेला माणूसच असा उशिरा हसतो.

सासरे गेल्यावर तो पेन शोधायला कपाटाचा खण उघडतो, तर आत छोट्या बॅटऱ्यांचं पाकीट. शर्टाच्या बटणाएवढ्या बॅटऱ्या.

"या कशाला?"

"घड्याळाला," बायको पाठमोरी म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळाला बोटाएवढी बॅटरी लागते, हे त्याला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तो घड्याळाकडे बघत उभा राहिला.

"तुझे बाबा कामावर जातात ना रोज?" त्याने शेवटी विचारलंच.

ती वळली. "म्हणजे?"

"म्हणजे नक्की जातात ना? जाऊन मोजतात ना?"

"अहो, बिनपगारी रजासुद्धा घेतली नाही कधी त्या माणसाने! तुम्ही त्यांना..." तिचा आवाज चिरकला. "घरातल्या माणसांवरसुद्धा डिटेक्टर लावा तुम्ही. मलाही लावा एकदा. किती वेगाने भांडी घासते ते मोजा."

ती तरातरा आत गेली. पण बॅटऱ्यांचं उत्तर काही तिने दिलं नाही, याची त्याने मनात नोंद केली.

दुसऱ्या दिवशी त्याने अर्धी रजा टाकली आणि बसथांब्याजवळच्या पंक्चरवाल्याच्या टपरीत जाऊन बसला. रचलेल्या टायरांच्या आडून समोरचा कारखाना बरोबर दिसत होता. रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर माणसाच्या छातीएवढी झाडं वाढली होती, एका ठिकाणी मात्र बायकांनी जाऊन येऊन वाट पाडली होती. त्या फटीतून त्याला पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर पिवळं जाकीट. दुपारच्या उन्हात डोळ्यांत घुसणारं, चंदेरी पट्ट्यांचं. त्या जाकिटात सासरे घडीच्या स्टुलावर ताठ बसले होते, अगदी उघड्यावर. हातात स्पीडगन.

म्हणजे माणूस कामावर होता. डिटेक्टरला हायसं वाटलं आणि लगेच थोडं वाईटही वाटलं. संशय खोटा ठरला की त्याला नेहमी असंच काहीतरी हरवल्यासारखं होई.

मग त्याने गाड्यांकडे पाहिलं. एक पांढरी गाडी भरधाव आली. जाकीट दिसलं मात्र, तिचं नाक खाली झुकलं. ड्रायव्हरने एका हाताने सीटचा पट्टा ओढून लावला, कानाचा फोन मांडीवर टाकला आणि चेहरा असा केला, की याच्याइतका गरीब माणूस पंचक्रोशीत नसावा. सासऱ्यांच्या समोरून गाडी रांगत गेली. जरा पुढे जाताच पुन्हा सुसाट. तिच्यामागे एक टेम्पो आला, त्याचंही तेच. मोटरसायकलवाल्याने तर कोपराला अडकवलेलं हेल्मेट घाईघाईने डोक्यात घातलं, तेही उलटं.

"पोलीस समजतात हो त्यांना," पंक्चरवाला ट्यूबला हवा भरत म्हणाला. "जाकीट आणि हातात ती बंदूक. कोण विचारायला जातंय?"

"आणि या बाजूचे?"

"ते फटीतून नेम धरतात, पण या बाजूच्यांना झाडांमुळे दिसतच नाहीत. इथून मारतात बघा बेफाम."

डिटेक्टर टायरांवर बसल्या बसल्या हसायला लागला. पंक्चरवाला बघत राहिला. एवढे दिवस पडद्यावर ज्या संथ पट्ट्याचं कारण सापडत नव्हतं, ते समोर स्टुलावर बसून कपाळाचा घाम पुसत होतं. आकडे खरे होते. मोजणारा प्रामाणिक होता. फक्त तो तिथे मोजत होता म्हणूनच गाड्या हळू जात होत्या. म्हणून तर मोजणाऱ्याने आडोशाला बसायचं असतं. नेमणुकीच्या दिवशी डिटेक्टरने स्वतः तसं सांगितलं होतं आणि सासऱ्यांनी मान डोलावली होती.

मग ऐकलं का नाही? हसू ओसरलं आणि जुनी खाज परत आली.

तेवढ्यात कारखान्याच्या फाटकातून पाण्याचा टँकर उलटा बाहेर यायला लागला. टॅं टॅं टॅं असा त्याचा आवाज या बाजूलाही स्पष्ट येत होता. टँकर सरळ स्टुलाच्या रोखाने मागे येत होता. सासऱ्यांची पाठ तिकडे होती. ते शांतपणे पुढच्या गाडीवर नेम धरून बसले होते.

"बाबा!" डिटेक्टर ओरडला. "बाबा, मागे!"

पंक्चरवालाही ओरडला. सासरे हलले नाहीत. डिटेक्टर रस्त्यावर धावला आणि तसाच मागे फिरला, कारण या बाजूच्या गाड्या साठने येत होत्या आणि एक संपायच्या आत दुसरी हजर होत होती. त्याने पाय पुढे टाकला, मागे घेतला, पुन्हा टाकला. पडद्यावर याच रस्त्यावरून त्याने हजारो गाड्या सोडल्या होत्या. त्यांच्यासमोर उभं राहायची ही पहिलीच वेळ. तो नुसता "बाबा, बाबा" ओरडत होता.

टँकर थांबला. ड्रायव्हरला आरशात पिवळं जाकीट दिसलं असावं. त्याने डोकं बाहेर काढून काहीतरी शिवी हासडली, गाडी वळवून घेतली आणि निघून गेला. सासऱ्यांना त्यातलं काही कळलं नाही. ते आकडा लिहून घेत होते.

डिटेक्टर कसाबसा पलीकडे पोचला. त्यांच्या मागे, अगदी हाताच्या अंतरावर उभा राहिला आणि साध्या आवाजात म्हणाला, "बाबा."

काही नाही.

"बाबा, मी आलोय."

त्याने खांद्यावर हात ठेवला तसे सासरे दचकून उठले. जावयाला बघताच त्यांचा हात पहिल्यांदा कुठे गेला असेल, तर वरच्या खिशाकडे. काहीतरी चोरलेलं सापडावं तसा चेहरा झाला होता. मग त्यांनी सुस्कारा सोडला, खिशातून शेंगदाण्याएवढं यंत्र काढलं आणि हळूच कानात बसवलं. बटणाएवढी बॅटरी कुठे जाते ते डिटेक्टरला कळलं.

"कधीपासून?"

"बस चालवत होतो तेव्हाच सुरुवात झाली होती. इंजिनाशेजारी बसून बसून. आता डावा पूर्ण गेला, उजवा थोडा आहे."

"मग हे खिशात का?"

"रस्त्यावर लावलं की डोक्यात गिरणी सुरू होते, जावईबापू. सहन होत नाही. म्हणून मुलगी म्हणाली, जायचं असेल तर हे जाकीट घालून, उघड्यावर, चारी बाजूंनी दिसेल असं बसायचं. तिने शपथ घातली. तुम्ही आडोशाला बसायला सांगितलं होतंत, ते कळलं होतं मला. तुमच्या ओठांवरून कळलं. पण आडोशाला बसलो आणि मागून काही आलं तर?" ते थांबले. "बहिऱ्या माणसाला रस्त्यावर कोण ठेवणार? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला ऑफिसात सांगावं लागलं असतं. तुमचा स्वभाव आम्हाला ठाऊक आहे."

डिटेक्टरला राग आला होता, पण कुणाचा ते ठरवता येईना. संशय घ्यायला हवा होता तो त्यांच्या कानांचा. त्याने घेतला तो त्यांच्या प्रामाणिकपणाचा. उशिरा आलेलं ते हसू, टेबलावरची बोटं, सगळं त्याने टिपलं होतं आणि सगळ्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

"आकडे चुकले का माझे?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही. एकही नाही. पण लोक सुधारलेले नाहीत, बाबा. तुम्हाला बघून हळू होतात."

सासऱ्यांनी स्वतःच्या जाकिटाकडे पाहिलं. समोरून आलेली एक गाडी नाक झुकवून, रांगत, पुढे गेली. त्यांनी ती जाईपर्यंत नजर हलवली नाही. निम्मं आयुष्य रस्त्यावर काढलेल्या माणसाला याहून जास्त समजावायची गरज नव्हती.

"म्हणजे माझे आकडे खात्याकडे गेले तर या बायकांचा सिग्नल गेला?"

"हो."

कारखाना सुटल्याचा भोंगा वाजला आणि फाटक उघडून बायकांचा लोंढा बाहेर पडला. सासरे कडेला जाऊन उभे राहिले. बायका त्यांच्याजवळ गोळा झाल्या. कुणी हात हलवला, कुणी तोंड मोठं करून "येते हं बाबा" म्हणालं. त्यांच्या कानांचं गुपित जावई सोडून सगळ्यांना माहीत होतं, हे स्पष्ट दिसत होतं. गाड्या हळू झाल्या आणि त्या सगळ्या अर्धा रस्ता गप्पा मारत ओलांडून गेल्या. उरलेला अर्धा त्यांनी पळत ओलांडला.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी स्वतःच ऑफिसात येऊन स्पीडगन मॅडमच्या टेबलावर ठेवली. "मला ऐकू येत नाही," ते गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले. "आडोशाला बसणारा माणूस नेमा." मॅडम उभ्या राहिल्या. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण ऐकू येत नाही हे आठवून त्यांनी नुसते हात जोडले. अहवालाला आठवड्याची मुदत मागून घेतली.

घरी बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमच्यापासून लपवायला मला काही मजा वाटत नव्हती. पण तुम्हाला सांगितलं की घरात चौकशी आयोग बसतो. त्यांना तेवढंच एक काम उरलं होतं हो." ती बरोबर बोलत होती.

नवा मोजणीवाला झाडामागे लपून दिवसभर बसला. संध्याकाळी आकडे आले. डिटेक्टरने ते पाहिले आणि त्याच्या कपाळावर आठी चढली. कारखान्याच्या बाजूने पुन्हा तीस.

"झाडामागेच बसला होतास ना?"

"देवाशपथ, साहेब. मुंग्या चावल्या, पण गाड्यांवरची नजर काढली नाही."

"तुझ्या अंगावर काय होतं?"

"हाच शर्ट."

शर्ट मातकट रंगाचा होता. डिटेक्टरने तो पुढून बघितला, त्याला वळायला लावून मागूनही बघितला. मोजणीवाल्यावर संशय, गाड्यांवर संशय, स्पीडगनवर संशय, सगळं करून झालं. मग त्याला एक शंका आली आणि तो ऑफिसातून सरळ सासऱ्यांच्या खोलीवर गेला. दार उघडंच होतं. दाराशी घडीचं स्टूल टेकवलेलं. खुंटीला पिवळं जाकीट, पाठीवर घामाचा ओला डाग.

"तुम्ही अजून जाता?" त्याने त्यांच्यासमोर बसून, ओठ नीट हलवत विचारलं.

सासरे शाळकरी पोरासारखे पायांकडे बघत राहिले.

"बंदूक नसते हातात. नुसता बसतो. त्यांना सवय झालीय हो, जावईबापू. मी एक दिवस गेलो नाही तर दुसऱ्या दिवशी विचारायला लागल्या, बाबा, आजारी होतात का? एक पोटुशी आहे त्यातली. ती कशी पळणार?"

"बाबा, तुम्ही बसलात तर गाड्या हळू जातात. हळू गेल्या तर सिग्नल मिळत नाही."

"आणि नाही बसलो तर?"

"सिग्नल मिळेल. पण तो मिळेपर्यंत..." सॉफ्टवेअरमध्ये हे सोपं होतं. पट्टा उचलायचा, गाड्या सोडायच्या, बघायचं. तिथे बसथांब्यावर कुणी पोटुशी उभी नसे.

सासरे उठले, खुंटीवरचं जाकीट काढलं आणि जावयाच्या हातात दिलं.

"घेऊन जा. मुलीला सांगा, कुलपात ठेव. इथे राहिलं तर मी जाईन."

पुन्हा मोजणी ठरली. त्या दिवशी बायकोने रजा घेतली आणि सकाळीच बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. आज बाबा येणार नाहीत, सगळ्याजणी मिळून एकदम ओलांडा, एकटीने धावू नका, असं प्रत्येकीला सांगत ती सकाळी त्यांच्याबरोबर गेली आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर परत आली. पोटुशीचा हात तिने सोडला नाही. सासरे दिवसभर मुलीच्या घरात बसून होते. कानात यंत्र होतं, तरी ते सारखे फोनच्या पडद्याकडे बघत. दुपारी डिटेक्टर ऑफिसातून लवकर आला, तर ते कपाटाच्या बंद खणासमोर खुर्ची टाकून बसलेले.

संध्याकाळी बायको आली आणि चपला न काढताच भिंतीला टेकली.

"सगळ्या पोचल्या," ती बापाच्या समोर येऊन म्हणाली. "पण बाबा, काय हो गाड्या जातात तिथे! माझा ऊर अजून धडधडतोय. तुम्ही रोज बसायचात तिथे?"

सासरे हसले. या वेळी उशीर झाला नाही.

आकडे आले होते. डिटेक्टरने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. कारखान्याच्या बाजूला साठ, बासष्ट, अठ्ठावन्न. त्याने ते भरले. संथ पट्ट्याची जागा कोरी ठेवली आणि मॉडेल चालू केलं. सासरे खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांनी जावयाचं काम कधी बघितलंच नव्हतं.

"यातला कारखाना कुठला?"

त्याने दाखवला.

"आणि मी?"

डिटेक्टरने रस्त्याच्या कडेला बोट टेकवलं. तिथे काहीच नव्हतं, नुसती राखाडी जागा. त्याच्या बोटाजवळून गाड्या एकामागून एक सटासट जात होत्या. एकही हळू होत नव्हती.

सासरे पुढे वाकले आणि ड्रायव्हरच्या नजरेने बराच वेळ बघत राहिले. लांबून येणारी गाडी हेरायची, ती समोर येऊन निघून जाईपर्यंत सोडायची नाही, मग पुढची.

"जोरात जातायत," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"मग बरोबर आहे."

बायकोने कपाटाचा खण उघडून जाकीट आणलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. सिग्नल लागेपर्यंत बरेच महिने जाणार होते. सासऱ्यांनी त्याच्या सुरकुत्या हाताने सरळ केल्या, चंदेरी पट्टीवरचा डाग नखाने खरवडून पाहिला आणि विचारलं, "सकाळची पहिली बस किती वाजता असते?"